बास्केटबॉलचा प्रशिक्षक फाइल पाहून नव्हे, कोर्टवर उभा करून निवडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवे शैक्षणिक वर्ष तोंडावर आले की कोल्हापुरातल्या महाविद्यालयांत मानधनावरच्या क्रीडा प्रशिक्षकांच्या मुलाखती लागतात. बास्केटबॉलच्या मुलाखतीचा साचा सहसा ठरलेला असतो. प्राचार्यांची केबिन, टेबलापलीकडे संस्थेचे प्रतिनिधी, जिमखान्याचे प्रमुख आणि एखादे विषयतज्ज्ञ. उमेदवाराची जाडजूड फाइल हातोहात फिरते, ‘नॅशनल किती खेळलात?’ हा प्रश्न येतो, चहा येतो आणि पंधरा मिनिटांत वर्षभरासाठी मुलामुलींचे दोन संघ कुणाच्या तरी हवाली होतात. एवढ्या वेळात उमेदवाराने ना चेंडू हातात घेतलेला असतो, ना एका तरी मुलाला काही शिकवून दाखवलेले असते. हा साचा मोडावा, एवढ्यासाठी हे पत्र.

वस्ताद कसा पारखायचा हे कोल्हापूरला शिकवावे लागत नाही. वस्तादाने स्वतः किती गदा जिंकल्या हे कौतुकाने सांगितले जाते, पण पोर तालमीत घालताना बाप बघतो ते त्याच्या हाताखालचे पठ्ठे खासबागेच्या कुस्ती मैदानात कसे लढतात ते. बास्केटबॉलचा माणूस निवडताना मात्र आपण उलटे करतो. उमेदवार स्वतः काय खेळला हे आधी विचारतो, आणि त्याने कुणाला खेळायला शिकवले हा प्रश्न राहूनच जातो.

आधी कागदांबद्दल, कारण निवड समितीत बसलेल्या सगळ्यांना त्यातला फरक ठाऊक असतोच असे नाही. पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे आपण ज्याला ‘एनआयएस’ म्हणतो तो, पदविका अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम ही वेगळी गोष्ट आहे. जाहिरातीत नुसते ‘एनआयएस’ लिहिले की दोन्ही उमेदवार एकाच तागडीत बसतात. आंतरराष्ट्रीय महासंघाचा, म्हणजे फिबाचा, प्रशिक्षक परवाना हा आणखी वेगळा कागद आणि त्याच्याही पातळ्या आहेत. पातळी कोणती आणि परवाना चालू आहे का, हे दोन प्रश्न पुरतात. बीपीएड, एमपीएड ही शारीरिक शिक्षणाची पात्रता झाली. ती चांगलीच, पण त्यावरून प्रेस डिफेन्स, म्हणजे समोरच्याला चेंडू पुढे आणताना कोर्टभर दाबून धरणे, शिकवता येतो की नाही हे कळत नाही. सहभागाची प्रमाणपत्रे बाजूला ठेवावीत. या सगळ्याला शंभरपैकी दहाच्या वर गुण देऊ नयेत.

शारीरिक शिक्षण संचालकाच्या पूर्णवेळ पदासाठी यूजीसीच्या २०१८च्या नियमांत मैदानावरची चाचणी आहेच. तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने १२ मिनिटांत १८०० मीटर आणि महिला उमेदवाराने ८ मिनिटांत १००० मीटर अंतर पार करायचे असते. म्हणजे संचालकाला पळून दाखवावे लागते आणि जो रोज संध्याकाळी मुलांसमोर उभा राहणार, त्या प्रशिक्षकाला काहीच करून दाखवावे लागत नाही. प्रात्यक्षिक घ्या म्हणणे त्यामुळे काही जगावेगळे नाही.

प्रात्यक्षिक असे घ्यावे. महाविद्यालयाचेच बारा खेळाडू, त्यात चार तरी अगदी नवखे. अर्धे कोर्ट, एक रिंग, सहा चेंडू, पंचेचाळीस मिनिटे. विषय आदल्या दिवशी संध्याकाळी कळवायचा, आणि तो सगळ्या उमेदवारांना एकच द्यायचा: ‘मॅन-टू-मॅनमध्ये हेल्प डिफेन्स’ (आपापला खेळाडू सांभाळत साथीदाराच्या मदतीला जाणे) किंवा ‘उजव्या-डाव्या हाताचा ले-अप’ (पळत येऊन रिंगजवळून मारायचा शॉट). समितीतल्या एकाने स्टॉपवॉच घेऊन फक्त एका नवख्या मुलाकडे बघायचे. तो किती वेळ हलतोय, किती वेळ रांगेत उभा आहे आणि किती वेळा चेंडू त्याच्या हाताला लागला, एवढेच लिहायचे. दुसऱ्याने प्रशिक्षक सलग किती वेळ बोलतो ते मोजायचे. एका सूचनेला अर्धा मिनिट पुष्कळ झाला. त्याच्या पुढे गेले की पोरांची नजर रस्त्याकडे वळते.

रांगेचा हिशेब करून बघा. बारा जण एका ओळीत, एक चेंडू, एका ले-अपला सहा सेकंद. एक फेरी ७२ सेकंदांची, म्हणजे दहा मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला आठ ले-अप. बाकी नऊ मिनिटे कमरेवर हात. याच बारा जणांचे चारचे तीन गट केले, एक गट रिंगखाली, एक बाजूला दोघादोघांत पासिंगला, एक डिफेन्सच्या सरकण्याला, आणि दर २०० सेकंदांनी गट बदलले, तर रिंगखालच्या चौघांना तेवढ्याच वेळात प्रत्येकी आठ ले-अप मिळतात. ले-अप तेवढेच झाले आणि उरलेली साडेसहा मिनिटे पासिंग आणि पायांच्या कामाला मिळाली. हा हिशेब ज्याच्या डोक्यात असतो तो कोर्टवर पाऊल टाकताच चेंडू मोजतो आणि सरावाचे शंकू कुठे आहेत ते विचारतो. ज्याच्या डोक्यात नसतो तो ‘चला, लाइन करा’ म्हणतो.

त्यानंतर बघायची ती दुरुस्ती. उजव्या हाताचा ले-अप मारताना पावले उजवे, डावे अशी पडतात आणि उडी डाव्या पायावरून घ्यायची असते. नवखा मुलगा हमखास उजव्यावरून उडतो, अंग रिंगकडून वळते आणि चेंडू बोर्डाखालून जातो. अशा वेळी काही प्रशिक्षक स्वतः पाच ले-अप मारून दाखवतात, सगळे सुंदर, मुले टाळ्या वाजवतात, आणि मुलगा पुन्हा उजव्यावरूनच उडतो. ज्याला शिकवता येते तो ड्रिबल, म्हणजे चेंडू आपटत नेणे, काढूनच टाकतो. मुलाला रिंगपासून एका पावलावर उभा करतो, डावा पाय पुढे टाकून उजवा गुडघा वर आणि चेंडू बोर्डावरच्या छोट्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यावर, एवढेच पाच-सहा वेळा करून घेतो. मग दोन पावले आणि सगळ्यात शेवटी एक ड्रिबल. चार मिनिटांत फरक दिसतो. समितीत बास्केटबॉल न खेळलेले प्राचार्य बसलेले असले तरी त्यांनाही तो दिसतो, म्हणून ही चाचणी मला फार मोलाची वाटते.

ट्रॅव्हलिंगचे, म्हणजे चेंडू हातात धरून नियमाबाहेर पावले टाकण्याचे, एक उदाहरणही मुद्दाम घालावे. उभा राहून चेंडू घेतलेला खेळाडू ड्रिबल सुरू करताना चेंडू हातातून सुटायच्या आधीच पिव्हट पाय (जमिनीवर टेकवून ठेवायचा पाय) उचलतो. नव्या खेळाडूंची ही ठरलेली चूक, आणि पंच ती शिट्टी हमखास वाजवतात. पळता पळता चेंडू घेणाऱ्यासाठी मात्र फिबाने २०१७मध्ये नियम बदलला. चेंडू ताब्यात येताना जमिनीवर असलेले पाऊल मोजत नाहीत, त्यानंतरची दोन पावले मोजतात. उमेदवार या दोन्हींत गोंधळला, तर त्याचे ज्ञान किती वर्षांपूर्वीचे आहे ते कळते आणि त्याचे भोग पुढे मुलांना भोगावे लागतात.

झोन डिफेन्सबद्दल, म्हणजे एकेका खेळाडूऐवजी आपापली जागा राखण्याबद्दल, थोडे सांगायला हवे. महाविद्यालयीन स्पर्धांत २-३ झोन (पुढे दोन, मागे तीन) सर्रास लावतात, कारण तो दोन दिवसांत उभा करता येतो आणि दुबळ्या डिफेंडरला लपवता येते. पण हाय पोस्टवर, म्हणजे फ्री थ्रोच्या रेषेजवळ, चेंडू गेला की तो फाटतो. कोपऱ्यात शूटर असेल तर मागच्या फळीला धावून पोचता येत नाही, आणि कुणी कुणाला बॉक्स आउट करायचे, म्हणजे पाठीने अडवायचे, हे ठरलेले नसल्याने रिबाउंड, म्हणजे शॉट चुकून परत आलेले चेंडू, जातात. झोन वाईट नाही. मात्र वर्षभर तोच खेळलेल्या मुलाला चेंडूवाल्यासमोर एकटे उभे राहता येत नाही, आणि पुढे विद्यापीठ संघाच्या निवड शिबिरात तो पहिल्याच दिवशी उघडा पडतो. उमेदवाराला सरळ विचारावे: पहिल्या सहा आठवड्यांत डिफेन्स कोणता शिकवाल, आणि का? उत्तरापेक्षा त्यामागचे कारण ऐकावे.

कोर्टवरची दुसरी चाचणी एक मिनिटाची, टाइम-आउटची. पाच मुले बेंचवर बसवा, फळा किंवा पाटी हातात द्या आणि परिस्थिती सांगा: चौथा क्वार्टर, ३८ सेकंद बाकी, आपण एका गुणाने मागे, समोरच्यांनी नुकतीच बास्केट केली आहे, त्यांचे या क्वार्टरमधले चार सांघिक फाऊल झाले आहेत, आपला एक टाइम-आउट होता तो आत्ता घेतला. जाणता माणूस बोलण्याआधी विचारतो: माझ्या कुणाचे चार फाऊल झाले आहेत? त्यांचा कोण पाचव्या फाऊलच्या, म्हणजे बाहेर जाण्याच्या, उंबरठ्यावर आहे? फ्री थ्रो चांगला कोण मारतो? कारण चार सांघिक फाऊल झाल्यानंतरच्या पुढच्या फाऊलला दोन फ्री थ्रो आहेत, तेव्हा चेंडू कुणाच्या हातात द्यायचा हे त्यावर ठरते. शिवाय शेवटच्या दोन मिनिटांत असा टाइम-आउट घेतला की चेंडू मागून, म्हणजे आपल्या अर्ध्यातून, आत टाकायचा की पुढच्या अर्ध्यातल्या रेषेवरून, हे प्रशिक्षकाला निवडता येते. मागून टाकला तर शॉट-क्लॉकवर, म्हणजे शॉट घ्यायच्या मुदतीच्या घड्याळावर, २४ सेकंद, पुढून टाकला तर १४. पुढून घेतला तर प्रेस टळतो आणि लवकर शॉट घेऊन पुन्हा एकदा चेंडू मिळण्याची आशा राहते. मागून घेतला तर वेळ आपल्या हातात राहतो, पण समोरचा संघ प्रेस लावून बसलेला असतो. इथे एकच बरोबर उत्तर नाही. निवड करता येते हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्या मुलांना मात्र अटीतटीच्या सामन्यात कुणी वाली नसतो. आणि पाटीवर पाच खेळाडूंचे सगळे बाण काढत बसणाऱ्याचे मिनिट संपते तेव्हा मुलांच्या डोक्यात एकही बाण उरलेला नसतो. एक सेट (ठरवलेली चाल), एक पर्याय आणि चेंडू गेला तर परत कुणी धावायचे, एवढे तीन वाक्यांत सांगता आले पाहिजे.

आता मागच्या कामगिरीबद्दल. ‘दहापैकी सात सामने जिंकले’ हे वाक्य समितीला भुरळ घालते. त्या सातांतले तीन पहिल्या फेरीतले, सरावच न केलेल्या संघाविरुद्धचे असतील आणि दोन एखाद्या गुणाने सुटलेले असतील, तर त्यातून फारसे काही कळत नाही. एक-दोन गुणांचा सामना कुठेही झुकू शकतो. जिंकण्या-हरण्यापेक्षा गुणांचा फरक बघावा, आणि त्याहूनही स्कोअरशीट मागावी. सामन्यानंतर संघाला तिची प्रत मिळते. चार ते सहा स्कोअरशीट पुरेत, पण त्यात हरलेले दोन सामने हवेतच, आणि कोणते ते समितीने निवडावे.

फिबाची स्कोअरशीट नीट वाचली तर ती माणसाबद्दल बरेच काही सांगते. खेळाडूंच्या नावापुढचे फुलीचे खाने बघा. सुरुवातीच्या पाचांच्या फुलीला गोल असतो, नंतर आत आलेल्यांची नुसती फुली. वीस गुणांनी पुढे असलेल्या सामन्यातही बारापैकी सहाच फुल्या असतील, तर बाकीचे सहा वर्षभर पाण्याच्या बाटल्या सांभाळत होते. टाइम-आउटच्या चौकटीत मिनिट लिहिलेले असते आणि न वापरलेल्या चौकटीत दोन आडव्या रेघा मारतात. पहिल्या अर्ध्यात दोन आणि दुसऱ्या अर्ध्यात तीन टाइम-आउट मिळतात, पण त्या तिनांपैकी शेवटच्या दोन मिनिटांत दोनच घेता येतात. तोपर्यंत एकही घेतला नसेल तर एक आपोआप जातो. तिसऱ्या क्वार्टरमध्ये सलग दहा गुण खाल्ले आणि चौकट रिकामीच, हे दिसले की उमेदवाराला विचारावे: इथे काय चालले होते? फाऊलच्या खान्यात ‘पी’च्या शेजारी २ लिहिलेले असेल तर समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळाले. त्यावरून समोरच्या संघाचे मिळालेले फ्री थ्रो मोजता येतात, आणि धावत्या गुणांच्या रकान्यातले ठिपके म्हणजे झालेले. उमेदवाराच्या संघासाठी हेच उलट्या बाजूने करा. बाविसांपैकी नऊ झाले असतील तर सरावातच खोट आहे, कारण फ्री थ्रो मारताना समोर हात घालायला कुणी नसतो. सगळ्यात खाली प्रशिक्षकाच्या ओळीत ‘सी’ आणि ‘बी’ शोधा. ‘सी’ म्हणजे स्वतःच्या वर्तनासाठी मिळालेला टेक्निकल, ‘बी’ म्हणजे बेंचवरच्या कुणाच्या वर्तनाचा त्याच्या नावावर लागलेला. दोन ‘सी’ किंवा एकूण तीन झाले की प्रशिक्षक बाहेर. एखादा चालून जातो, पण चार शीटवर चार दिसले तर रोज सरावात मुलांशी कसे बोलणे होत असेल याचा अंदाज येतो.

चुकलेले शॉट आणि गमावलेले चेंडू स्कोअरशीटवर येत नाहीत. ते उमेदवार स्वतः नोंदवून घेत असेल तर त्याला जास्त गुण द्यावेत. ताब्यांचा, म्हणजे संघाच्या हाती चेंडू आलेल्या खेपांचा, साधा हिशेब असा: घेतलेले शॉट, अधिक फ्री थ्रोच्या ०.४४ पट, वजा आक्रमणातले रिबाउंड, अधिक गमावलेले चेंडू. ६० शॉट, २० फ्री थ्रो, १० रिबाउंड, २५ टर्नओव्हर असतील तर सुमारे ८४ ताबे झाले. त्यातले २५, म्हणजे दहातले तीन, शॉट न घेताच गेले. अशा संघाला शूटिंगचे आणखी डोस देऊन भागत नाही, प्रेसमधून चेंडू बाहेर काढायला शिकवावे लागते. आकडे ठेवणारा प्रशिक्षक हे जिमखान्याच्या प्रमुखांना दोन मिनिटांत पटवून देतो आणि पुढच्या आठवड्याचा सराव त्यावरून ठरवतो.

निव्वळ जय-पराजयावर भरवसा ठेवू नये याचा दाखला बास्केटबॉलच्या माहेरी, अमेरिकेतल्या महाविद्यालयीन स्पर्धांत आहे. ड्यूक विद्यापीठाने १९८०मध्ये माइक शशेव्हस्की यांना घेतले तेव्हा त्याआधीच्या हंगामात त्यांच्या आर्मी (अमेरिकेची लष्करी अकादमी) संघाने ९ सामने जिंकून १७ गमावले होते. ड्यूकमधल्या पहिल्या तीन हंगामांतही ३८ विजय आणि ४७ पराभव असाच हिशेब होता. विद्यापीठाने धीर धरला, आणि पुढे १९९१पासून २०१५पर्यंत त्यांनी पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. जॉन वुडन १९४८मध्ये यूसीएलएत आले आणि पहिले विजेतेपद आले १९६४मध्ये. त्यानंतर १९७५पर्यंत एकूण दहा. हरणारा प्रत्येक प्रशिक्षक पुढे असाच निघतो असे अर्थातच नाही. ज्यांनी त्यांना घेतले आणि ठेवले त्यांनी आकड्यापलीकडचे काही तरी पाहिले होते, एवढे मात्र नक्की. आपल्याकडे दहा महिन्यांच्या मानधनावर माणूस घेतात, झोनल (विभागीय) स्पर्धेत हरला की पुढच्या जूनमध्ये नवी जाहिरात. अकरावीला चेंडू हातात धरलेला मुलगा तयार व्हायला तीन वर्षे लागतात, आणि तेवढ्या काळात त्याचे तीन प्रशिक्षक बदललेले असतात. कामाचा आढावा दर वर्षी घ्या, पण नेमणूक तीन वर्षांच्या हिशेबानेच करा.

कोल्हापूरचा आणखी एक प्रश्न आहे, तो म्हणजे पावसाळा. आपल्याकडची बहुतेक महाविद्यालयीन कोर्टे उघडी, सिमेंटची. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ती ओली, मग शेवाळलेली, आणि पहिल्या सत्रातच विद्यापीठाच्या स्पर्धा येतात. उमेदवाराकडून बारा आठवड्यांचे सराव-नियोजन कागदावर मागावे आणि त्यात जुलै-ऑगस्टची पाने आधी उघडावीत. ‘पाऊस नसेल तेव्हा सराव’ असे लिहिले असेल तर तो कागद तिथेच मिटावा. रिंग नसलेल्या सभागृहातही ड्रिबलिंग होते, भिंतीवर पासिंग होते, पिव्हट आणि क्लोज-आउटची (शूटरकडे धावून जाण्याची) पावले होतात, उडी मारून दोन्ही पायांवर गुडघे वाकवून उतरणे शिकवता येते, सामन्यांच्या चित्रफिती थांबवून थांबवून दाखवता येतात, नियमांची परीक्षा घेता येते. उतरण्याचा सराव मुलींसाठी तर टाळूच नये, कारण उडीनंतर गुडघा आत वळून होणाऱ्या लिगामेंटच्या दुखापती त्यांच्यात जास्त होतात. सिमेंटवर रोज दोन तास उड्या मारून नडगी धरते. आठवड्यात एक दिवस उड्या नसलेला सराव आखलेला आहे का, हेही त्या कागदावर दिसावे. परीक्षांचे आठवडे त्यात मोकळे सोडलेले असावेत. सातत्याने ‘एटीकेटी’त अडकलेला संघ कागदावर कितीही चांगला असला तरी दुसऱ्या वर्षी अर्धाच उरतो.

दुखापतीचा प्रश्न तोंडी विचारावा: सरावात मुलाचा घोटा मुरगळला, पहिल्या अर्ध्या तासात काय कराल? खेळ थांबवणे, पाय उंच ठेवणे, कपड्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, क्रेप बँडेज, पायावर भार देता येत नसेल तर एक्स-रे. ‘तेल लावून चोळून काढू’ किंवा ‘टेप मारून संध्याकाळची मॅच खेळवू’ हे उत्तर आले तर पुढचे प्रश्न विचारायची गरज नाही. आपल्या मातीत चोळण्याचा आग्रह मोठा आहे, पण ताज्या मुरगळीवर चोळले की आतला रक्तस्राव आणि सूज वाढते.

शिफारसपत्रांवर वेळ घालवू नये, ती सगळी सारखीच असतात. त्याऐवजी फोन करावेत. आधीच्या ठिकाणच्या प्राचार्यांना एक, आणि तीन माजी खेळाडूंना. त्या तिघांत एक संघाचा कर्णधार, एक बेंचवर बसलेला आणि एक मध्येच खेळ सोडून गेलेला असावा. खरे चित्र शेवटच्या दोघांकडूनच मिळते. सराव वेळेवर सुरू व्हायचा का? दुखते म्हटल्यावर काय उत्तर मिळायचे? शिव्या, कोंबडा, शंभर उठाबशा असले प्रकार होते का? पहिल्या वर्षी न येणारी कोणती गोष्ट तुम्हाला शेवटच्या वर्षी येत होती? मुलींचा संघ सांभाळलेला असेल तर एका माजी महिला खेळाडूशी समितीतल्या बाईंनी बोलावे आणि आधीच्या संस्थेच्या अंतर्गत तक्रार समितीकडे काही प्रकरण होते का याची लेखी चौकशी करावी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी ही समिती असायलाच हवी, त्यामुळे उत्तर मागायला संकोच नको. बाहेरगावच्या स्पर्धांना मुलींबरोबर महिला व्यवस्थापक जाईल, हेही नेमणुकीच्या वेळीच ठरवावे.

‘मला घ्या, सहा तयार खेळाडू घेऊन येतो’ असा प्रस्ताव घेऊन येणारा उमेदवार समितीला हमखास आवडतो. त्या वर्षी चषक कदाचित येतोही. पण ते सहा त्या माणसाचे असतात, महाविद्यालयाचे नव्हे. तो गेला की तेही जातात आणि दोन वर्षे बेंच उबवलेल्या आपल्या मुलांनी तोवर खेळ सोडलेला असतो. शिवाय नियमित विद्यार्थी नसलेला, हजेरी नसलेला खेळाडू उतरवला तर एका हरकतीवर संपूर्ण संघ बाद होतो. त्यापेक्षा विचारावे: तुमच्या हाताखाली शून्यापासून सुरू करून विद्यापीठ शिबिरापर्यंत कोण पोचले? फुटबॉल आणि कुस्तीच्या या शहरात उंच, चपळ मुलगा बास्केटबॉलकडे येतो तो बहुधा उशिरा, म्हणून इथल्या प्रशिक्षकाला बाराखडीपासून शिकवता आलेच पाहिजे.

उमेदवार काय विचारतो याकडेही लक्ष असू द्यावे. चेंडू किती आहेत, सातच्या मापाचे किती आणि मुलींसाठी सहाच्या मापाचे किती? रिंग दोन्हीकडे ३.०५ मीटरवर आहे की वाकलेली आहे? संध्याकाळी पाच ते सात कोर्ट आमचेच, की त्या वेळी तिथे मंडप असतो? हे प्रश्न करणाऱ्याला कामाची जाण आहे. फक्त मानधन विचारणाऱ्याचे चुकले असे मी म्हणणार नाही, त्यालाही घर चालवायचे असते. मानधन मुलाखतीआधीच जाहीर करणे हे महाविद्यालयाचे काम आहे.

गुणांची वाटणी माझ्या मते अशी असावी: कोर्टवरचे सत्र आणि टाइम-आउट मिळून ४५, माजी खेळाडूंशी बोलणे २०, स्कोअरशीटवरची चर्चा १५, लेखी नियोजन १० आणि कागदपत्रे १०. प्रत्येक सदस्याने आपले गुण लिहून पाकीट बंद करावे आणि मगच चर्चा सुरू व्हावी. संस्थेच्या ज्येष्ठांनी आधी मत दिले की बाकीचे पेन त्याच दिशेने चालते, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. वरून येणाऱ्या फोनवरही हाच उपाय: पाकीटबंद गुण आणि सत्राचे मोबाइलवरचे चित्रीकरण वर्षभर कार्यालयात जपून ठेवावे. विषयतज्ज्ञ असा असावा की ज्याचा स्वतःचा क्लब, स्वतःचे खेळाडू किंवा नातेवाईक त्या जागेत गुंतलेले नाहीत. शक्यतो सांगली किंवा साताऱ्याहून बोलवावा.

या साऱ्याला चार उमेदवारांसाठी दोन सकाळी लागतील. मुलाखती मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात, कोर्ट कोरडे असताना, सकाळी सातला ठेवाव्यात. दहानंतर सिमेंट तापते आणि मुलांना पंचेचाळीस मिनिटे पळवणे योग्य नाही. एका सकाळी दोनच सत्रे घ्यावीत आणि मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी. नाहीतर दुसऱ्या उमेदवाराच्या वाट्याला दमलेली मुले येतात आणि तुलना त्याच्यावर अन्याय करणारी होते. शक्य असेल तर दुसऱ्या सकाळी खेळाडूंचा दुसरा गट बोलवावा. सत्र संपल्यावर त्या बारा मुलांकडून एका चिठ्ठीवर, नाव न लिहिता, दोनच ओळी घ्याव्यात: आज नवीन काय शिकलो, आणि उद्या यांच्याकडे सरावाला येईन का.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक बास्केटबॉल प्रशिक्षक व पंच,
कोल्हापूर